दोन किल्ल्यांचं कुलूप

३ फेब्रुवारी

चि. सुईबाईस,
किल्लीकाकाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुझ्या वडिलांचं हाड कितपत सांधलं, धरून का होईना उभे राहतात का, ते कळव. तू नर्स, तुला मी काय सांगणार. पण म्हातारी माणसं मुलीचं ऐकत नाहीत आणि परक्या नर्सचं ऐकतात. तेव्हा थोडी परकी होऊन वाग. काकू सांगत होती, दवाखान्यात मुलं अजून विचारतात, सुईबाई कुठं गेल्या? तू नाहीस या आनंदात विचारतात, हे वेगळं.

फोन का केला नाही म्हणशील. दुकानातला फोन मालकांच्या घरच्या लाइनीवरूनच काढलेला आहे. हल्ली मी 'हॅलो' म्हटलं की पलीकडून एक श्वास जास्त ऐकू येतो. पत्र बरं. पाकीट कुणी उघडलं तर निदान दिसतं तरी.

बिल्डिंगची हालचाल काही मला बरी वाटत नाही. मागच्या आठवड्यात दोन माणसं फीत घेऊन आली आणि जिना मोजून गेली. जिना कशाला मोजायचा? जिन्यात कुणी राहत नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "रंग द्यायचाय." रंगारी भिंत मोजतो, पायऱ्यांची रुंदी मोजत नाही. मोठं सामान वर न्यायचं असेल तर रुंदी लागते. वरच्या दोन खोल्या मिळून एक करायच्या आणि कुठल्याशा कंपनीला गोदाम म्हणून द्यायच्या, असं दिवसभर खिडकीत बसून असणारी आपली खिडकीबाई म्हणते. तिचं निम्मं खोटं असतं. पण कुठलं निम्मं, ते नंतरच कळतं. दोन खोल्यांतली एक रिकामीच आहे. दुसरी तुझी.

आणखी एक. माझ्या दुकानावरच्या छपराची गळती मालकांनी आपण होऊन काढून दिली. करारात छपराची दुरुस्ती मालकाकडे आहे, म्हणजे उपकार नाहीत. पण इतकी वर्षं झोपलेलं कर्तव्य एकदम उठून बसलं की भीती वाटते. त्यांचा भाचा तर मला चहा पाजतो. जो मुलगा स्वतःच्या मामाला पाणी विचारत नाही, तो मला चहा पाजतो!

तुला एक विचारायचं होतं. जाताना तू मालकांना लिहून कळवलंस का? आपल्या सगळ्यांच्या करारात एक कलम आहे, की खोली जास्त दिवस बंद राहणार असेल तर मालकाला लेखी सांगायचं. मालक करार दाखवतो तेव्हा भाडेकरूची कर्तव्यं दाखवतो, हक्क वाचायला चष्मा आपला आपण आणावा लागतो. कळवलं नसशील तर आजच लिही. वडील पडले, सेवेला आले आहे, खोली सोडलेली नाही, परत येणार. एवढंच. पत्राची पोच घे. आणि भाडं मनीऑर्डरनं पाठव, कुणाच्या हाती देऊ नकोस. "हाती मिळालं नाही" हे वाक्य मालकांना फार सोपं जातं.

तुझी किल्ली तुझ्याजवळच आहे ना? पर्समध्ये, गळ्यात, कुठंही असो, सांभाळून ठेव. दुसरी करायला टाकू नकोस, कुणाला देऊ नकोस.

बाकी ठीक. तुझं रोपटं हिरवंगार आहे, काळजी नसावी.

तुझा,
किल्लीकाका


१२ फेब्रुवारी

चि. सुईबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. वडील कुबडी धरून न्हाणीघरापर्यंत जातात हे वाचून काकूनं देवाला हात जोडले, मी कुबडीला. मालकांना पत्र टाकलंस तेही बरं केलंस.

तू मात्र दोनच गोष्टी विचारल्यास. किल्लीची चौकशी का, आणि रोपटं मी आत न्हाणीच्या खिडकीत ठेवून आले होते, ते हिरवं आहे हे तुम्हाला कसं दिसलं.

किल्लीचं असं, की मी किल्लीवाला. डॉक्टर जसा भेटेल त्याला "झोप लागते ना?" विचारतो तसं. रोपट्याचं म्हणशील तर मागच्या बोळातून तुझी ती खिडकी दिसते. मान जरा उंच करावी लागते, इतकंच.

आता इथली गंमत ऐक. परवा खिडकीबाई खाली येऊन मालकांना म्हणाली, "सुईबाई आल्या वाटतं! गॅलरीत चादर वाळतेय." मालक माझ्या दुकानाशेजारच्या बाकावर बसले होते. त्यांचा हात आधी कंबरेच्या जुडग्यावर गेला. मग म्हणाले, "शक्यच नाही."

"शक्य नाही कसं?" ती म्हणाली. "निळ्या काठाची आहे. या डोळ्यांनी बघितली."

"वाऱ्यानं कुणाची तरी उडून आली असेल."

"आणि चिमटेही उडून आले? दोन्ही टोकांना?"

मालक भाच्याकडे बघायला लागले, भाचा छताकडे. संध्याकाळी तुझ्या खोलीत दिवा दिसला म्हणे. दुसऱ्या दिवशी तुझा दवाखान्याचा पांढरा कोट दोरीवर. मालक पाय ओढत वर गेले, बराच वेळ वरच होते. खाली आले ते भाच्यावरच उखडले. "खोलीची किल्ली तुझ्याकडे किती वेळ होती? कुणाला आणतोस तिथं?" भाचा शपथा घेतो आहे. त्याच्या शपथांना बाजारात किंमत नाही हे मामांहून जास्त कुणाला ठाऊक? आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांविषयी माझ्याशी बोलतात.

लोक काय, काहीही बोलतात. तू मनावर घेऊ नकोस.

या सगळ्याआधी कोपऱ्यावरच्या वकिलीणबाईंच्या टेबलाचा खण अडकला होता, तो उघडायला गेलो होतो. सहज विषय काढला. म्हटलं, "माझ्या एका मित्राकडे भाडेकरू आहे. ती गावाला गेली, करार अजून बाकी आहे, आणि मित्राला खोली हवी आहे. तर?"

त्या म्हणाल्या, "तर मित्रानं नोटीस द्यावी, कारण सांगावं, कोर्टात जावं. करार चालू आहे तोवर खोलीचा ताबा तिचा. मालकाला स्वतःच्या खोलीत पाऊल टाकायचं तरी आधी तिला विचारावं लागतं."

"समजा तो म्हणाला, ती सोडूनच गेली?"

"मग ती तिथं राहते असं काही दिसतं का, हे बघतात. सामान आहे का, दिवा लागतो का, कपडे वाळतात का. ताबा कागदावर असतोच, पण तो दिसावाही लागतो. मालकाला काय, दार बंद आणि गॅलरी ओसाड असली की पुरे."

"आणि दुकानाचं?"

"दुकानाचं वेगळं. घराला कायदा जरा जास्त जपतो. दुकानाची मुदत संपली की बोलणी नव्यानं." मग चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "दुकानही मित्राचंच का?"

मी खण उघडून दिला आणि निघालो.

तुला सांगायचं राहिलं होतं, माझ्या दुकानाची मुदत याच महिन्यात संपते आहे. मालक म्हणतात, "करून टाकू नवा, तुम्ही घरचेच." घरच्यांशी कुणी करार करतं का?

तुला आणखी किती दिवस लागतील? घाई करत नाही, वडील आधी. पण अंदाज कळव.

तुझा,
किल्लीकाका


१९ फेब्रुवारी

सुईबाई,

आज खुशाली मागाहून.

तुझी एक ओळ मिळाली. "मागच्या बोळातून माझी खिडकी दिसत नाही, तिथं टाकीची भिंत आहे. काका, खरं काय ते लिहा, नाहीतर लिहू नका." काकूनं ती ओळ माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि वाढायचं थांबली. म्हणून लिहितो आहे, असं नव्हे. पण आज लिहितो आहे ते म्हणून.

तुझ्या दाराचं कुलूप बदललेलं आहे. ते मी बदललं.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी मालक दुकानात आले, बाकावर नाही, आत. माझ्या दुकानाचा नवा करार हातात होता. म्हणाले, "वरच्या नर्सबाई खोली सोडून गेल्या. फोन आला होता. जुनी किल्ली कुठं कुठं फिरत असेल, तेवढं कुलूप बदलून द्या. तुमच्या कराराचंही उरकून टाकू." आणि करार माझ्या कानशीच्या डब्याखाली सरकवून ठेवला.

जिन्यात भेटलीस तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "काका, बाबा पडलेत, जाऊन येते. जरा लक्ष असू द्या." मी "हो" म्हणालो होतो. मग मालकांच्या फोनवर माझा विश्वास बसला का? नाही बसला. पण बसल्यासारखं करायला मला काही कष्ट पडले नाहीत. एवढंच मनात आलं, की मला न सांगता कशी सोडेल? आणि त्याच्याच मागून दुसरं, की सोडलीही असेल, आजकालच्या मुली, आपल्याला काय सांगतील? संशय हा फार सोयीचा प्राणी आहे. ज्याच्यावर घ्यायला हवा त्याच्यावर घेतला नाही, तुझ्यावर घेतला.

आमच्या धंद्यात एक नेम आहे. ज्याचं दार, तो समोर उभा असल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी या नेमापायी फौजदाराला परत पाठवलं होतं. मी मालकांच्या भाच्याला समोर उभा केला आणि नेम पाळल्यासारखं केलं.

तारेनं दार उघडलं. भाचा उंबऱ्यातच शीळ घालत उभा. मी आत गेलो, तर खुंटीला तुझा कोट, इस्त्री करून टांगलेला, खिशाला घड्याळ लावलेलं. ओट्यावर पालथा घातलेला एक पेला. खिडकीत रोपटं, आणि त्याच्या मातीत तू बाटली उलटी खोचून ठेवलेली, हळूहळू पाणी झिरपावं म्हणून. सोडून जाणारा माणूस रोपट्याच्या पाण्याची सोय करत नाही.

तिथंच मागे फिरायला हवं होतं. मी फिरलो नाही. कुलपाचा गाभा काढला आणि भाच्याला म्हणालो, "हे काम खाली दुकानात करावं लागेल, वेळ लागतो." वेळ लागत नाही.

आता नीट वाच. कुलपाच्या पोटात बारीक पिना असतात. तुझ्या किल्लीचे दात त्या पिनांना बरोबर एका रेषेत उचलतात, तेव्हा कुलूप फिरतं. किल्ली बदलायची म्हणजे पिना बदलायच्या. पण जुन्या पिना न काढता त्यांवर आणखी एकेक तुकडा बसवला, तर कुलूप दोन वेगवेगळ्या किल्ल्यांना फिरतं. मोठ्या हॉटेलांत असतं तसं, पाहुण्याची वेगळी, व्यवस्थापकाची वेगळी, दार एकच. तुझ्या दाराला मी तेच केलं. मालकांना नवी कोरी किल्ली दिली. त्यांनी फिरवून बघितली, खूश झाले. तुझी जुनी किल्ली चालते का, हे बघायला त्यांच्याकडे तुझी किल्ली कुठं होती?

तुझी किल्ली अजून लागते, सुईबाई.

हे वाचून मला भला माणूस समजू नकोस. काकूला सांगितलं तेव्हा मीही जरा छाती काढूनच सांगितलं होतं, की बघ, कशी युक्ती केली. ती म्हणाली, "वा! म्हणजे मालकाला एक किल्ली, पोरीला एक किल्ली. आणि तुम्ही? जो फिरवील त्याच्याकडे फिरणार?"

मी पाट ओढून जेवायला बसलो.

"करार कुठं ठेवलाय?" तिनं विचारलं.

"डब्याखाली."

"सही झाली?"

"माझी झाली. मालक म्हणाले, ते मागाहून करतील."

"बघा," ती म्हणाली. "तुमचीसुद्धा किल्ली त्यांच्याच हातात. स्वतःची सही करेपर्यंत हवं तसं फिरवतील."

चादर, दिवा आणि कोट हे सगळं तिचं काम. वकिलीणबाई काय म्हणाल्या ते घरी येऊन सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी बाई पिशवी घेऊन वर. "तुम्ही पिना बसवा, मी चादरी वाळत घालते. ताबा दिसायला हवा ना? दिसू दे." त्याआधीही रोपट्याला पाणी घालायला तीच जात होती. तुझ्या कपाटाला तिनं हात लावलेला नाही. चादर आमच्या घरातली आहे, निळ्या काठाची.

ती आत कशी गेली, हे तू विचारशीलच. तुझ्या किल्लीची एक नक्कल मी करून ठेवली होती. गाभा उघडा होता, पिनांची उंची समोर होती, कानशीखाली पत्रा होता. गिऱ्हाइकाच्या किल्लीची नक्कल आपल्याकडे ठेवायची नाही, हा आमचा दुसरा नेम. तोही गेला. तेव्हा माझ्यावर संशय घेतलास तर तो योग्य जागी आहे. पहिल्या पत्रात किल्ली सांभाळ म्हणून सांगितलं ते खरं होतं. बाकी बरंचसं टाकीच्या भिंतीसारखंच होतं, मी तिच्यातून पलीकडचं दाखवत होतो.

आता घाईचं. तुझ्या पत्रानं मालकांचं काही समाधान झालेलं नाही. तुझं पत्र त्यांना पोचलं, त्याची पोच तुझ्याकडे असेल. माझ्यासमोर त्यांनी ते वाचलं आणि घडी घालून खिशात टाकलं. नंतर मला म्हणाले, "किल्लीवाले, भाच्याचा भरवसा नाही. सोमवारी बाहेरून कडी-कोयंडा ठोकू आणि वर भलं मोठं कुलूप लावू. मी बाजारातनं आणलंय." मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "तुमचं नको म्हटलं. तुम्हाला किती त्रास द्यायचा?"

त्यांना कळलं आहे की नाही, मला कळत नाही. हसत होते. हमाल सांगून ठेवले आहेत, तुझं सामान तळघरात उतरवायला. आणि म्हणाले, "तुमच्या करारावर सहीही सोमवारीच. एकदम उरकू."

म्हणजे कडी ठोकायला मी. माझ्या हातानं. मग सही.

आज सकाळी वकिलीणबाईंकडे गेलो. खण अडकलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "मित्राचं काय झालं?"

म्हटलं, "बाई, मित्र नाही. मालक माझे, नर्सबाई आमच्या वरच्या, आणि कुलूप बदलणारा मी. त्याचं कायद्यात काय होतं?"

त्यांनी पेन्सिल उचलली आणि कोरा कागद पुढे ओढला. "तो साक्षीदार होऊ शकतो, नाहीतर आरोपी. लवकर बोलला तर निवडायला मिळतं."

मी सगळं सांगून सही करून आलो आहे. कुणी सांगितलं, कधी, भाचा कुठं उभा होता, खोलीत काय काय होतं. पेला आणि बाटलीसुद्धा लिहून घेतली त्यांनी. तू आलीस की तुझा अर्जही त्या करणार आहेत. त्या म्हणतात, तू परत येऊन आपल्या किल्लीनं आपलं दार उघडलंस आणि आत गेलीस, की पुढे मालकांना कोर्टाचाच रस्ता. पण दाराला कडी पडली आणि सामान तळघरात गेलं, तर तो रस्ता तुला चालावा लागेल, आणि तो लांब आहे. म्हणून रविवारपर्यंत ये. वडिलांना घेऊनच ये. खालची खोली आमची आहे, त्यांना जिना चढायला नको. माझ्या खाटेवर ते, मी दुकानात. दुकान आहे तोवर.

दुकानाचं काय होईल ते दिसतंच आहे. मुदत संपली की मालक नवा किल्लीवाला आणतील, त्याच्या दुकानाचं छप्पर गळणार नाही. त्याबद्दल तू एक अक्षर बोलायचं नाहीस. कानस आणि चिमटा कुठंही बसून चालवता येतात.

आलीस की मागच्या दारानं येऊ नकोस. पुढून ये, बाकासमोरून. मालक बसलेले असतील, त्यांना नमस्कार कर. खिडकीबाईला वर बोलावून घे, तिच्या डोळ्यांना पहिल्यांदाच काही कामाचं बघायला मिळेल. वकिलीणबाई येते म्हणाल्या आहेत. मी जिन्यात असेन, पण दाराला हात लावणार नाही. ज्याचं दार त्यानं उघडायचं.

सोबत पुडीत एक किल्ली आहे. ती तुझ्या किल्लीची नक्कल, माझ्याकडची एकमेव. आज सकाळी काकूनं शेवटचं पाणी घातलं, चादर काढून घडी केली आणि दार ओढून घेतलं. आता आम्हाला आत जाता येत नाही. रोपट्याच्या मातीत बाटली भरून खोचली आहे, रविवारपर्यंत पुरेल.

वडिलांना नमस्कार. त्यांना सांग, त्यांच्या मुलीला एक शेजारी होता, तो दोन्हीकडे फिरत होता. आता एकीकडूनच उघडतो.

वाट बघतो आहे,
किल्लीकाका